१९वा आठवडा आणि कथक - कोणी केलंय का? डिसेंबरात विशारद आहे, सल्ला हवाय

नाशिकची_तत्कार

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय आणि मोठा होणार आहे, सांभाळून घ्या. मी लहानपणापासून कथक शिकतेय, मधे नोकरी लग्न यात चार वर्षं खंड पडला, मग परत सुरू केलं आणि यंदा गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण ही परीक्षा द्यायचीच असं ठरवलं आणि नेमके दिवस राहिले. खूप आनंदात आहोत सगळे. आता १९वा आठवडा चालू आहे, परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात, म्हणजे तेव्हा मी २८-२९ आठवड्यांची असेन. शिवाय शनिवार-रविवार लहान मुलींचे प्रारंभिक आणि प्रवेशिकेचे वर्ग घेते, त्यात पण सतत करून दाखवावं लागतं.

पहिले तीन महिने उलट्यांमुळे काहीच केलं नाही. आता बरं वाटतंय आणि पाय शांत बसत नाहीयेत. डॉक्टरांना विचारलं नाचलं तर चालेल का, त्या म्हणाल्या सगळं नॉर्मल आहे, हलकंफुलकं करा, आणि पुढची पेशंट आत आली. आता हलकंफुलकं म्हणजे काय? तत्कार, म्हणजे पायांनी बोल काढणं, हलका की जड? चक्कर (गिरक्या) घ्यायचे की नाही? घुंगरू बांधायचे का?

घरी सासूबाईंना अजिबात पसंत नाही. त्या वाईट नाहीत हो, घाबरल्यात. त्यांचं स्वतःचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं आणि तेव्हा त्यांना म्हणे सगळ्यांनी तू विहिरीवरून पाणी भरलंस म्हणून असंच ऐकवलं होतं. त्यामुळे मी नुसता पाय आपटला तरी त्यांचा चेहरा उतरतो. मला त्यांना दुखवायचं नाहीये आणि नाच पण सोडायचा नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा कुठपर्यंत केलं, काय सोडलं, परीक्षा देऊ की पुढच्या सत्रात ढकलू. आणि हो, नवरात्र आलंच, सोसायटीत गरबा असतो, त्याचं पण सांगा.

अरईमंडी

अभिनंदन गं! मी भरतनाट्यमवाली, ठाण्याची, मुलगी आता दोन वर्षांची आहे. मी ३३व्या आठवड्यापर्यंत केलं पण "केलं" म्हणजे जे आधी करायचे ते नाही हे आधीच सांगते. उड्यांचे सगळे अडवू (आमच्या मूळ हालचाली) पहिल्या दिवसापासून बंद, कुदित्त मेट्ट म्हणजे चवड्यावर उडी मारून टाच आपटणं बंद, मंडी अडवू म्हणजे पूर्ण खाली बसून गुडघ्यांवर उड्या ते तर विचारच करू नये. अरईमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, मात्र चालू ठेवली, खोली कमी केली आणि सहाव्या महिन्यानंतर भिंतीजवळ उभी राहून करायचे. मला सगळ्यात जास्त फायदा अभिनयाचा झाला. पदं (भाव दाखवायची गाणी) करायला घेतली जी मी कायम टाळायचे कारण मला नृत्त म्हणजे भावाशिवायचा नुसता नाच आवडतो, आणि त्या चार महिन्यांत माझ्या ताई म्हणाल्या की आता तुझे डोळे बोलायला लागले. तुमच्याकडे पण आहे ना बसून भाव करायची पद्धत? शंभू महाराज बसून ठुमरीवर भाव करायचे त्याबद्दल आम्हालासुद्धा शिकवलंय. आपल्याकडे बैठकीची लावणी तर आहेच. तर नाच म्हणजे फक्त पाय नाहीत हे आधी डोक्यात घे, अर्धी काळजी तिथेच जाईल.

फिजिओ_कोल्हापूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर आणि बाळंतीण बायकांबरोबरच जास्त काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझ्या डॉक्टरांची जागा मी घेत नाहीये हे धर.

आधी सासूबाईंसाठी. गरोदरपण साधं सरळ असेल तर व्यायामाने किंवा पाय आपटल्याने गर्भ पडत नाही. बाळ पाण्यात असतं, पिशवीच्या जाड स्नायूत असतं. पाचव्या महिन्यात जेव्हा जातं तेव्हा कारणं वेगळी असतात, पिशवीचं तोंड लवकर उघडणं, इन्फेक्शन, अशी. पाणी भरल्यामुळे गेलं असं त्यांना इतकी वर्षं वाटत असेल तर ते कोणीतरी त्यांच्या मनावरून उतरवायला हवं. पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरकडे बरोबर घेऊन जा आणि त्यांनाच विचारू दे. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात गरोदर बायकांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं आहे, अर्थात काही अडचण नसेल तर.

आता अडचण म्हणजे काय. वार (प्लॅसेंटा) खाली असणं, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असणं, अंगावरून जाणं, वेळेआधी कळा येण्याचा धोका, बीपी वाढलेलं, जुळं असून डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, हृदयाचा त्रास, हिमोग्लोबिन फारच कमी. यातलं काही असेल तर नाच बंद, चर्चा नाही. तुझा अ‍ॅनॉमली स्कॅन झाला का? तो १८ ते २२ आठवड्यांत होतो आणि वार कुठे आहे ते त्यात कळतं. तोपर्यंत जोरात काही सुरू करू नकोस.

आणि डॉक्टरांना "नाचू का" असं विचारूच नकोस. त्यांच्या डोळ्यासमोर एकतर लग्नातला डान्स येतो नाहीतर सिनेमातला. तत्कार किती वेळ, कुठल्या लयीत, अनवाणी, फरशी कसली, पायात किती घुंगरू, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ आणि दाखव, एकेक गोष्ट वेगळी विचार. त्यांना पण उत्तर द्यायला सोपं जातं.

माझं मत कथकबद्दल: चक्कर बंद. या काळात बीपी थोडं खाली असतं, पोटामुळे शरीराचा तोल पुढे सरकतो आणि रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनमुळे सांधे सैल होतात, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तुला कितीही सवय असली तरी पाय मुरगळू शकतो, आणि पडणं हाच खरा धोका आहे. तत्कार विलंबित (संथ) आणि मध्य लयीत ठीक, द्रुतात (जलद) नको. थांबताना एकदम थांबू नकोस, चालत चालत थांब. आणि दमलीस की पाठीवर सपाट पडून राहू नकोस, कुशीवर पड, कारण जड पिशवीने पाठीमागची मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि गरगरतं.

थांबायचं कधी: अंगावरून गेलं, पाणी गेलं, पोट ठराविक अंतराने कडक व्हायला लागलं आणि बसल्यावरही जात नाही, छातीत दुखलं, डोकं खूप दुखलं, चक्कर आली, एका पोटरीत दुखून सूज आली. यातलं काहीही झालं तर "बघू उद्या" नाही, त्याच दिवशी फोन.

स्लावकर_बाई

इंग्लंडमधून. इथे मिडवाइफ असते, तिने मला एकच सांगितलं होतं की व्यायाम करताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागून बोलता येत नसेल तर जास्त होतंय. कथकला तर हे किती सोपंय, पढंत करत, म्हणजे बोल तोंडाने म्हणत, तत्कार कर! बोल स्पष्ट म्हणता येतायत तोपर्यंत लय बरोबर, ता थेई थेई तत मधे श्वास तुटला की लय उतरव. मी बॉलीवूड फिटनेसचा क्लास घ्यायचे तेव्हा हेच गाणं म्हणत करायचे.

वार_खाली

मला दुसरी बाजू सांगायचीय. मी पण नाचायचे, लोकनृत्य, कॉलेजपासून ग्रुपमध्ये. २०व्या आठवड्यात स्कॅनमध्ये वार खाली निघाली आणि सगळं बंद. मी इतकी रडले, मला वाटलं माझ्याच नाचण्यामुळे झालं. नाही होत तसं, वार कुठे चिकटणार ते अगदी सुरुवातीलाच ठरतं, हे मला एका नर्सने सांगितलं आणि मी तिचे हात धरले होते. बऱ्याच जणींची वार पिशवी वाढते तशी वर सरकते, माझी ३२व्या आठवड्याला पण खालीच होती, सिझर झालं, मुलगा छान आहे. ताई, स्कॅनमध्ये काही निघालंच तर स्वतःला दोष देऊ नकोस एवढंच लिहायला आले. मी त्या चार महिन्यांत पलंगावर बसून हातांचे तुकडे बसवले ग्रुपसाठी, व्हिडिओ करून पाठवायचे, त्यांनी ते पुढे स्टेजवर केले.

सत्तरीतली_मावशी

मुलींनो, आमच्या वेळी मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षं आणि त्यातच दिवस राहायचे, म्हणजे दोन्ही एकदम यायचंच. पोटुशी असली तर तिला फुगडी नाही, बसफुगडी तर नाहीच, गाठोडं कोंबडा असले खेळ नाहीत. पण तिला कोपऱ्यात बसवून ठेवत नव्हते. ती गाणी म्हणायची, टाळ्या द्यायची, झिम्म्याला उभी राहायची हळू हळू. माझ्या सातव्या महिन्यात मी रात्रभर गाणी सांगितलीत. हे आमच्या आयांना कुठल्या पुस्तकाने नाही शिकवलं.

आणि विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट हल्ली सगळे अभिमानाने सांगतात, की तमाशा चालू असताना कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत फडावर उभ्या राहिल्या. मला ती ऐकून अभिमान वाटतो आणि पोटात तुटतं पण. त्या बाईला थांबायची सोय नव्हती. तुला आहे. थांबावंसं वाटेल तेव्हा थांब, त्यात कमीपणा नाही.

नाशिकची_तत्कार

मावशी 🙏 वाचून डोळे भरले. सगळ्यांना एकेक करून उत्तर देईन. स्कॅन येत्या गुरुवारी आहे. फिजिओ ताई, घुंगरूंचं राहिलं, मी एका पायात १०० बांधते. आणि क्लासची फरशी शहाबादी आहे. मुलींना करून न दाखवता कसं शिकवायचं तेही कोणी सांगा.

फिजिओ_कोल्हापूर

घुंगरू नकोत असं मी म्हणेन, निदान सरावाला. वजनापेक्षा मला भीती घट्ट बांधण्याची आहे, संध्याकाळी पाय सुजतात आणि दोरी रुतते. शिवाय घुंगरू असले की आवाज निघावा म्हणून आपोआप जास्त जोरात आपटलं जातं, नसले की पाऊल हलकं पडतं. शहाबादीवर अनवाणी रोज तासभर नको, कंबर आणि माकडहाड दुखायला लागेल. जांघेत किंवा पुढच्या हाडात कळ येत असेल, एका पायावर उभं राहताना जास्त, तर तत्कार थांबव आणि दाखवून घे. बाकी पाणी जवळ ठेव, पंख्याखाली कर, ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी तर नकोच, आणि उपाशीपोटी नको.

अरईमंडी

शिकवायचं मी सांगते. वर्गातल्या मोठ्या दोघींना पुढे उभं कर आणि तू खुर्चीत बसून टाळी देत पढंत कर. मला आधी भीती वाटायची की मुली नीट शिकणार नाहीत, पण उलट झालं, मी करत नसले की माझं लक्ष त्यांच्या पायाकडे जायचं, किती जणींची टाच उचलली जातेय ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आणि त्या पुढे उभ्या राहिलेल्या दोघी वर्षभरात इतक्या तयार झाल्या.

विदर्भातली

गरब्याबद्दल कोणीच नाही बोललं म्हणून. मी पाचव्या महिन्यात गेले होते, नागपूरला. नाचणं अवघड नाही, गर्दी अवघड आहे. मागून दांडिया लागतो, धक्का लागतो, कोणाचा घागरा पायात येतो. मी कडेला आमच्या बिल्डिंगमधल्या सहा-सातजणींचं वेगळं छोटं रिंगण केलं, दोन टाळ्यांचा साधा गरबा, अर्धा तास, साडेनऊला घरी. नऊ दिवसांचे उपास मात्र त्या वर्षी नाही धरले, आईनेच सांगितलं की देवीला माहिताय. आणि स्पीकरच्या भिंतीजवळ अजिबात उभी राहू नकोस. आपण कानात बोळे घालू, बाळाला कुठून घालणार, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापासून त्याला ऐकू यायला लागतं. ढोलताशाचं पण तेच.

नाशिकची_तत्कार

अपडेट द्यायला आले. स्कॅन छान झाला, वार वर आहे, हिमोग्लोबिन १०.४ म्हणजे ११ च्या खाली आहे म्हणून लोहाच्या गोळ्या वाढवल्यात. सासूबाईंना घेऊन गेले होते. व्हिडिओ दाखवला तर डॉक्टरांनी दोनदा बघितला आणि म्हणाल्या अहो हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलं, मला वाटलं तुम्ही झुंबा विचारताय. चक्कर बंद, उड्या बंद, द्रुत बंद, तत्कार रोज वीस मिनिटं मध्य लयीपर्यंत, भाव आणि गतनिकास (चालीतून पात्र दाखवणं) हवं तेवढं पण गुडघ्यावर बसायच्या गती नकोत. हिमोग्लोबिन वाढलं की वेळ वाढवू म्हणाल्या.

मग सासूबाईंनी विचारलं. त्यांनी माझं नाही विचारलं, स्वतःचं विचारलं, की माझं पाणी भरून गेलं होतं का. डॉक्टर खुर्चीतून उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या नाही आई, त्याने नाही जात. त्या रिक्षात घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री जेवताना म्हणाल्या उद्या क्लासला मी पण येते, बसेन कडेला.

परीक्षा पुढच्या वर्षीवर टाकली. विशारद पूर्णला सगळं दाखवायला लागतं, अर्धं सोडून मला द्यायची नाहीये, आणि गुरू पण म्हणाल्या की तोवर ठुमरी आणि थिअरी पक्की करू. वाईट वाटलं, खोटं नाही सांगत, पण एकदा ठरवल्यावर झोप लागली.

आता एकच विचारायचंय, शहाबादीवर काय टाकू? सतरंजी टाकली तर सरकते.

स्लावकर_बाई

सतरंजी नको गं बाई, तीच पाडेल. लहान मुलांच्या खोलीत टाकतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकोनी मॅट मिळतात ना, त्यातल्या पातळ आणि टणक घे, जाड घेतल्या तर पाऊल आत जातं आणि घोटा वळतो. कडा भिंतीला टेकतील अशा लाव म्हणजे हलणार नाहीत. पुढे बाळ रांगायला लागेल तेव्हा त्याच उपयोगी येतात, माझ्याकडे अजून आहेत.