मदत हवी आहे: मुंबई-गोवा महामार्गावर अपघात, पिकअपचा विमा संपलेला, डंपर कागदावरच नाही

मोगरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

मोटार अपघात दावे, पोलीस, कोर्ट यांतलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया वेळ काढून वाचा. घरात सगळेच हादरलेले आहेत आणि जो तो वेगळं सांगतो.

दिवाळीनंतर गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला निघालो होतो. नवरा गाडी चालवत होता, शेजारी मी, मागे सासूबाई आणि मुलगी. माणगावच्या अलीकडे चौपदरी रस्ता संपून गाड्या पुन्हा जुन्या रस्त्यावर येतात, तिथे एक खडीचा डंपर निम्मा रस्ता अडवून उभा होता. पुरतं उजाडलं नव्हतं. डंपरचे मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने माखलेली, मागे त्रिकोण नाही की साधी झाडाची फांदी नाही. नवऱ्याला तो ऐन जवळ आल्यावर दिसला, तरी त्याने ब्रेक मारून गाडी उभी केली होती. तेवढ्यात मागून भाजीची पिकअप आली आणि तिने आम्हाला डंपरमध्ये ढकललं.

आम्ही तिघं मुका मार आणि टाक्यांवर सुटलो. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं आणि उजवं मनगटही. १०८ ची रुग्णवाहिका आली, पण हात इतका सुजत चालला होता की ग्रामीण रुग्णालयात पाटली कापावी लागली. लग्नापासून हातातून न उतरलेली पाटली. ती माझ्या हातात देताना आई एवढंच विचारत होत्या, "पोरीला कुठे लागलं नाही ना गं?" पुढे पनवेलला ऑपरेशन झालं, मांडीत रॉड आहे. आता घरी आहेत, वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जातात. संपूर्ण घर ज्यांच्या हातावर चालायचं, त्यांना वेणी घालायलाही माझी वाट बघावी लागते.

आता अडचण. गुन्हा फक्त पिकअपच्या चालकावर नोंदवला आहे. आम्ही आईंना बाहेर काढत होतो तेवढ्यात डंपर निघून गेला. पंचनाम्यात त्याचं नावही नाही. माझ्या मोबाइलमध्ये नंबर प्लेट दिसेल असे फोटो आहेत. समोरच्या शहाळेवाल्या दादांनी सगळं पाहिलंय, पण ते पोलिसांना घाबरतात.

पिकअपचा विमा अपघाताच्या आधीच संपलेला निघाला. मालक घरी येऊन गेला. साठ हजार घ्या आणि "तक्रार नाही" असं लिहून द्या म्हणतो. गरीब माणूस आहे, गाडी हप्त्यावर घेतलेली, त्याच्याकडे बघून पोटात तुटतं. पण हॉस्पिटलचं बिलच चार लाखांच्या वर गेलंय. आमच्या गाडीचा स्वतःचा विमा चालू आहे, सर्व्हेअर येऊन गेला, त्याची काळजी नाही.

सही करावी का? डंपरला यात आणता येईल का? आणि कोर्ट माणगावचं की इकडचं?

रातांबा

ताई, आधी आईंना लवकर बरं वाटो.

सही अजिबात करू नका. आणि आजच्या आज एक काम करा. पिकअप अजून पोलीस ठाण्याच्या आवारात आहे का, ते बघा. अपघातातल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा, नसेल तर मालकाने पुरेशी जामीनकी भरल्याशिवाय कोर्टाने ती सोडायची नाही, असा नियम आहे. जामीनकी दिली नाही तर पुढे गाडीचा लिलाव होऊन पैसे दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाकडे, जमा होतात. मालक सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, गाडी सोडवायला अर्ज करणारच, हप्ते थांबत नाहीत ना. त्याआधी वकिलामार्फत त्या कोर्टात हरकत नोंदवा. गाडी एकदा बाहेर पडली की तुमच्या हातात त्याच्या साठ हजारांशिवाय काही राहत नाही.

घाटमाथा

मी बरीच वर्षं अपघात दाव्यांच्या फायली हाताळल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या प्रकरणात सगळं वजन डंपरवर आहे. पिकअपकडे विमा नाही, मालकाकडे पैसा नाही, म्हणजे तिच्याविरुद्ध निकाल लागूनही वसुली कठीण. डंपरचा विमा बहुधा चालू असेल. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मुदत बघा.

सासूबाई मागे बसलेल्या प्रवासी. त्यांची कसलीच चूक नाही आणि इजा दोन गाड्यांच्या निष्काळजीपणामुळे झाली. अशा वेळी जखमी माणूस दोघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. ज्याने दिली त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करत बसावं. त्यामुळे डंपरवर थोडा जरी दोष सिद्ध झाला तरी त्याच्या विमा कंपनीला सगळी रक्कम द्यायला लागू शकते.

डंपर उभा होता, त्याने धडक दिलीच नाही, असं समोरचा वकील नक्की म्हणेल. उभी गाडीही कायद्याने 'वापरात'च धरतात. पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटून पडला होता आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. त्यातही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तेच धरलं.

फिर्यादीत नाव नाही म्हणून अडत नाही. तपास अधिकाऱ्यांना फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पुरवणी जबाब, म्हणजे आधीच्या जबाबाला जोडून नवा जबाब, घ्यायला सांगा आणि पोच घ्या. पोच न घेता परत येऊ नका. ऐकलं नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा. मूळ फोटो मोबाइलमध्ये तसेच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीत वेळ-ठिकाण उरत नाही. दाव्यात डंपरचा मालक आणि विमा कंपनी यांना तुम्ही स्वतः प्रतिवादी करू शकता. तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही.

कोर्टाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली तुम्ही जिथे राहता तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो, म्हणजे माणगावचे हेलपाटे नकोत. मुदत मात्र अपघातापासून सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत आली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबून बसू नका.

सुपारीची_बाग

आमच्या आईच्या वेळचं सांगते. औषधाच्या दुकानाची फाटकी चिठ्ठीसुद्धा जपा. टॅक्सीचे पैसे, वॉकर, रात्रीची बाई, फिजिओथेरपी, सगळं दाव्यात येतं. बाई रोखीने पैसे घेते ना? महिन्याच्या महिन्याला तिची सही घ्या. पुढे रॉड काढायचा असेल तर त्याचा खर्च डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.

आणि वय झालंय, नोकरी नव्हती, म्हणून कमी पैसे, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात ठामपणे सांगितलंय. त्या काय काय करत होत्या ते दाव्यात सविस्तर लिहा. स्वयंपाक, नातीची शाळा, पापड-कुरडया, सगळं.

वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईंच्या नावाने अर्ज द्या. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

मोगरा_डोंबिवली

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. पिकअप अजून पोलीस ठाण्यातच आहे, नवऱ्याने आत्ता फोन करून विचारलं. उद्या माणगावला जाऊन पुरवणी जबाबाचा अर्ज देतोय आणि तिथेच हरकतीसाठी वकील बघतोय. अ‍ॅपवर डंपरचा विमा चालू दाखवतोय!

शहाळेवाल्या दादांचं काय करू? त्यांनीच आईंच्या डोक्याखाली स्वतःचा टॉवेल दिला होता. त्यांना त्रासात टाकायला मन होत नाही.

घाटमाथा

जबरदस्ती नकोच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायला भाग पाडू शकत नाहीत. तो आपणहून साक्षीदार व्हायला तयार झाला तर चौकशी त्याच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी, शक्यतो एकदाच करायची असते. एवढं त्यांना नीट समजावून सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. नाहीच आले तर फोटो आहेत. शिवाय डंपरमध्ये घुसलेला तुमच्या गाडीचा पुढचा भाग हाही पुरावाच आहे. म्हणून गॅरेजवाल्याने बॉनेट उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून घ्या, आणि मोटार वाहन निरीक्षकांच्या तपासणी अहवालात पुढचं आणि मागचं नुकसान वेगवेगळं नोंदवलंय का ते बघा.

मोगरा_डोंबिवली

गाडी अजून उघडलेली नाही. गॅरेजला हात लावू नका म्हणून सांगितलं. ठाणे शहरात असे दावे चालवणारे अनुभवी वकील कोणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.