मुलांसोबत केलेले फ्लॅपजॅक: तुमचे अनुभव लिहा

लीड्सची_माई
काल लेकीचा युनिव्हर्सिटीतून फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट "आई, सिरप तीन चमचे की चार?" हॉस्टेलच्या सामायिक किचनमध्ये बाईसाहेब फ्लॅपजॅक (ओट्स-सिरपच्या भाजलेल्या गोड वड्या) करत होत्या. फोन ठेवला आणि ती लहान असतानाचे शनिवार एकदम आठवले. बाहेर पाऊस, बाबा कामावर, आणि ही स्टुलावर चढून ओट्स मोजतेय. काट्याचं शून्याचं बटण दाबायला मिळावं म्हणून वाटी सारखी काढायची, परत ठेवायची.

माप शेजारच्या आजींनी दिलेलं, अजून तेच: २५० ग्रॅम साधे पॉरिज ओट्स, १२५ बटर, १२५ ब्राऊन शुगर, ३ मोठे चमचे गोल्डन सिरप (उसाच्या साखरेचा सोनेरी पाक), चिमूटभर मीठ. बटर-साखर-सिरप मंद आचेवर वितळवायचं (हे माझं काम, गरम सिरपचा चटका वाईट), मग ओट्स घातले की पुढचं सगळं तिचं. २० सेंमीच्या चौकोनी टिनमध्ये बटर पेपर घालून दाबून थापायचं, ओव्हनमध्ये १८० ला वीस-पंचवीस मिनिटं. फॅनचा ओव्हन असेल तर १६०. कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढा, मध्ये मऊच लागतं, गार होताना घट्ट होतं. गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या आणि टिनमध्येच गार होऊ द्यायचं. हा शेवटचा भाग पाच वर्षांच्या पोरीला कुणीतरी समजावून दाखवा!!

अंडं नाही, फेटणं नाही, फुगला नाही म्हणून रडारड नाही. मुलांसोबत करायला केकपेक्षा हेच बरं, असं माझं ठाम मत आहे. येऊ द्या तुमच्या गमती.

चुरा_पार्टी
आमच्याकडे गार होईपर्यंत कुणी थांबत नाही. गरम कापायचं, भुगा होतो, भुगा दह्यावर घालून खायचा. दोन्ही पोरांना वाटतं फ्लॅपजॅक असाच असतो.

मधली_सुट्टी
सिरपच्या त्या हिरव्या-सोनेरी डब्यावरचा सिंह!! लेकाने विचारलं, तो झोपलाय का. नवऱ्याने अगदी खरं सांगून टाकलं, की मेलाय, आणि भोवती त्या मधमाश्या, बायबलमधल्या सॅमसनची गोष्ट वगैरे. पुढे कितीतरी दिवस पोरगा सिरपला हात लावेना. मधावर केले तेव्हा. तर म्हणतो, "या मधमाश्या त्याच का?"

लीड्सची_माई
हाहाहा नवऱ्याला आवरा!

जुना_डबा
सिरप १८८५ पासून विकतात आणि सिंहही शंभरेक वर्षं तरी तसाच आहे. २०२४ मध्ये बाटल्यांवर नवीन सिंह आणला, नुसतं तोंड आणि एकच मधमाशी. डब्यावर मात्र जुनाच. माझ्याकडे रिकाम्या डब्यांत खिळे, रबर, एकात हळकुंडं. बायको फेकू देत नाही... म्हणजे मी तिला फेकू देत नाही.

पंचगंगाकाठची_आजी
सिरप शोधत बसू नका, काकवी घाला. शेवटी तीही उसाचीच. रंग काळपट येतो आणि चव जरा दणकट, म्हणून मी साखर थोडी कमी करते. माझ्याकडे ओव्हन नाही. जाड कढईत मीठ, त्यावर स्टँड, झाकण लावून आधी चांगली तापवून घ्यायची, मग डबा आत. वरून रंग येत नाही फारसा. नातवंडांना त्याचं काही नाही. धाकटी म्हणाली, आजी ही तर ओट्सची गुळपापडी.

लीड्सची_माई
आजी, काकवी इथे कुठली मिळायला! ट्रीकल (इथला काळा, दाट पाक) घालून बघितलं तर कडवट लागलं, पोरीने थुंकलं.

वाचकमात्र
आपल्याकडचे झटपट शिजणारे ओट्स चालतात का?

चुरा_पार्टी
चालतात, पण वडी गच्च होते. नुसते जम्बो (मोठे, अख्खे) ओट्स घेतले तर मात्र आमच्यासारखा भुगा. अर्धे-अर्धे घ्या. आणि चमचा आधी गरम पाण्यात बुडवा, सिरप चिकटून राहत नाही.

शाळेची_पिशवी
शाळेच्या विक्रीसाठी करायचे होते. नट्स चालणार नाहीत हे माहीत होतं, मग तीळ घालू म्हटलं, तर तेही ॲलर्जीच्या यादीत. शेवटी मनुका आणि भोपळ्याच्या बिया. मुलगी म्हणाली, "आई, बिया काढून टाक, कुणी विकत घेणार नाही." आणि झालंही तसंच, साधे आधी संपले. मला तरी त्यात चॉकलेटबिकलेट घालणं पटत नाही.

कोपरा_नको
शाळेवरून आठवलं. २०१३ मध्ये इथे इंग्लंडात एसेक्समधल्या एका शाळेत त्रिकोणी फ्लॅपजॅक कुणाच्या तरी तोंडावर लागला म्हणून त्रिकोणी कापायला बंदी घातली होती. चौकोनी कापा म्हणे. पेपरांत आलं होतं.

मधली_सुट्टी
म्हणजे तीन कोपरे धोक्याचे आणि चार चालतात 😂

हिशेबनीस
त्याहून भारी म्हणजे व्हॅट. फ्लॅपजॅक केकमध्ये धरतात, म्हणून शून्य टक्के. तेच ओट्स सीरिअल बार म्हणून विकले की २० टक्के. माझं पोट यावरच चालतं त्यामुळे हसत नाही.

एक_आड_शनिवार
मुलगा माझ्याकडे एक आड एक वीकेंडला असतो. आठ वर्षांचा. पहिल्या काही भेटींत काय करायचं तेच कळायचं नाही, सिनेमा, पार्क, बर्गर, आणि मग दोघंही गप्प. ऑफिसातल्या एका बाईंनी ही रेसिपी लिहून दिली. आता तो आला की आधी ॲप्रन शोधतो. बटाटे कुस्करायच्या मॅशरने मिश्रण दाबताना शाळेतलं काय काय सांगत असतो, माझ्याकडे न बघता. निम्मे डब्यात भरून त्याच्या आईकडे जातात. तिने एकदा मेसेज केला, मीठ थोडं जास्त घाल. घालतो.

शाळेची_पिशवी
❤️ मुलं हात गुंतलेले असले की बोलतात, माझीही तशीच.

पंचगंगाकाठची_आजी
देव भलं करो बाळा. वड्या त्याला घेऊन जाऊ द्या, पण मॅशर तुमच्याकडेच ठेवा.

वाचकमात्र
परत मीच. ग्लूटेन चालत नसलेल्या भाच्यासाठी करायचे आहेत. ओट्समध्ये नसतं ना?

हिशेबनीस
ओट्समध्ये गव्हासारखं नसतं, पण शेतात, गिरणीत गहू मिसळतो. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्या. सीलिॲक (ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर काहींना ओट्सही सोसत नाहीत, आधी त्याच्या आईला विचारा.

वाचकमात्र
विचारते. ती म्हणेल पोहे कर.

जुना_डबा
पोह्यांत काकवी? आजी??

पंचगंगाकाठची_आजी
का नाही, दूध-पोहे-काकवी, लहानपणी रोज खाल्लेत. लीड्सच्या माई, माझा पुतण्या दिवाळीनंतर मँचेस्टरला जातोय, त्याच्याबरोबर एक बाटली देऊ का? बूच नीट बसत नाही म्हणून कुरकुरतोय आत्तापासूनच.

लीड्सची_माई
अय्या आजी, खरंच?? दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घालायला सांगा, हँडबॅगेत सिक्युरिटीवाले काढून घेतील. मँचेस्टरला मीच येते घ्यायला.