शब्द शेवटाकडून फोडा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय संज्ञा पाठच होत नाहीत? पाठ करू नका, फोडा; आणि तेही शेवटाकडून. ‘गॅस्ट्रोएन्टरायटिस’ घ्या. शेवटचं ‘आयटिस’ म्हणजे दाह. कशाचा? गॅस्ट्रो म्हणजे जठर, एन्टर म्हणजे आतडं.

‘ऑटॉमी’ म्हणजे छेद घेणं, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढून टाकणं, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे नवं तोंड तयार करणं. या तिघांत गल्लत झाली की शस्त्रक्रियाच बदलते, म्हणून हे आधी पक्के करा. मूत्रपिंडाला ग्रीक ‘नेफ्रो’ आणि लॅटिन ‘रीनल’, दोन्ही लागतात.

‘इलियम’ मात्र जपून! लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम आणि कमरेचं हाडही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे, तो लिहून लिहूनच नजरेत बसतो.