प्रथिनांचा आकडा पुरेसा नाही
पाकिटावर प्रथिनांचे प्रमाण छापलेले असले की मांजर-कुत्र्यांचे खाद्य निर्धोक मानावे, हे मत मला पटत नाही. प्रथिने मोजण्याच्या प्रचलित केल्डाल पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब केला जातो. म्हणूनच २००७ मध्ये अमेरिकेत, खाद्यात वापरलेल्या, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमधील (गव्हातल्या प्रथिनातील) मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन प्रथिनांच्या हिशेबात खपून गेले आणि सायन्युरिक आम्ल या दुसऱ्या रसायनासह त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत साचून अनेक मांजरे व कुत्री दगावली. मेलामाइनसाठी स्वतंत्र चाचणीच करावी लागते. मुंबईत मला अधिक काळजी वाटते ती अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या पोत्यातले सुटे खाद्य बुरशी धरू शकते आणि हे विष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या मांजरीसाठी मी बॅच क्रमांक असलेले छोटे सीलबंद पाकीटच घेते.