गनसाठी गोट्या : आख्खा सेट घ्यायचा की लागतील तेवढ्याच?

कोयनाकाठ
ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडं कराड भागात बॅटरीवरच्या इम्पॅक्ट गनची, म्हणजे ठोके मारत नट फिरवणाऱ्या यंत्राची, खरेदी वाढते. गन घेताना माणूस चार दुकानं फिरतो, जोर किती न्यूटन-मीटर ते विचारतो, बॅटरी किती अँपिअरची ते विचारतो. गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, मात्र घरच्या पेटीतली, चकचकीत, हातपान्याची. तीच गनला लावतो.

माझं मत असं. गनवर काळी इम्पॅक्ट गोटीच हवी, तीही सहा कोनी. पण दुकानदार गळ्यात मारतो तो दहा-बारा नगांचा सेट घेऊ नका. आपल्या गाड्यांचे नट मोजा आणि तेवढ्याच मापाच्या खोल (लांब) गोट्या सुट्या घ्या. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना 19 मिलीमीटर, ह्युंदाईला 21, फोक्सवॅगन-स्कोडाला 17. एवढ्यावर चारचाकीचं चाकाचं काम भागतं. सेटमधल्या 11 आणि 13 च्या गोट्या गंज खात पडतात.

हायवे_पंक्चर
सेटचं पटलं. काळीच पाहिजे हे काय पटलं न्हाय बघा. खंबाटकी उतरल्यावर आमचं दुकान हाय. पोरं चकचकीत गोटीच वापरत्यात, नट निघतो, गिऱ्हाईक जातंय. काळी दुप्पट पैशाची. ती फक्त कंपनीवाल्यांची हौस.

कुपवाड_टूलरूम
हौस नाही हो दादा, पोलादच वेगळं असतं. हातपान्याची गोटी साधारण क्रोम व्हॅनेडियमची. तिची भिंत पातळ ठेवायची असते, म्हणून ती जास्त कडक करतात, वर क्रोमचा मुलामा. हाताचा जोर एकसारखा येतो, तो तिला सोसतो. गन मात्र मिनिटाला हजाराच्या वर ठोके मारते. कडक पोलाद ठोक्याला वाकत नाही, तडकतं. इम्पॅक्ट गोटी बहुधा क्रोम मॉलिब्डेनमची, जाड भिंतीची, जरा चिवट. ठोका अंगावर घेते, अगदीच झालं तर तोंड फाकतं, पण तुकडे सहसा उडत नाहीत. मुलाम्याचे पापुद्रे डोळ्यात गेले की दुप्पट पैशाचा हिशेब कोण करणार?

आणि नुसता काळा रंग बघून फसू नका. साध्या गोटीला काळं फासूनही विकतात. भिंतीची जाडी बघा, अंगावर क्रोम मॉलिब्डेनमची खूण आहे का ते बघा. जर्मन मानकाचा डीआयएन 3129 हा आकडा छापला असेल तर ती गनसाठीच बनवलेली.

हायवे_पंक्चर
डोळ्याचं मान्य. पण आमच्याकडं अजून तरी कुणाची फुटली न्हाय.

कोयनाकाठ
फुटायच्या आधी केसासारखी चीर पडते. उद्या दुकान उघडल्यावर सगळ्या गोट्या डिझेलनं पुसून उन्हात धरा. चौकाच्या, म्हणजे गन बसते त्या चौकोनी भोकाच्या, कोपऱ्यातून निघालेली रेघ दिसली तर ती गोटी भंगारात.

मिरज_बॅटरीवाला
सुट्या घ्या म्हणणं गॅरेजवाल्याला सोपं. माझ्यासारख्या घरगुती माणसानं काय करायचं? आज बुलेट, उद्या पाण्याच्या मोटारीचा पाया, परवा मेहुण्याची गाडी. सुट्या घेत गेलं तर पाचव्या-सहाव्या नगालाच सेटची किंमत वसूल होते. शिवाय ऐनवेळी माप नसलं की माणूस काय करतो? एक नंबर मोठी गोटी ठोकतो आणि नटाचे कोन मारतो. म्हणून मी सेटच्या बाजूचा. फक्त बारा कोनी नको. ती कोपऱ्यावर धरते, सहा कोनी सपाट बाजूवर धरते. गंजलेल्या नटावर हा फरक लगेच कळतो.

तासगाव_ट्रॅक्टर
सगळे कारचंच बोलताय. जुन्या ट्रॅक्टरला इंची नट असतात, तिथं मिलीमीटरचा सेट काय करणार? पाऊण इंच म्हणजे 19.05, त्यामुळं 19 च्या नटाला ती बसते. पण सव्वा इंची गोटी 31.75 ची. 32 च्या नटावर ती चढत नाही, आणि लोक वर हातोडा घालतात.

दुसरं म्हणजे चौक. चार सुती (अर्धा इंची) गनवर सहा सुती (पाऊण इंची) चौकाची गोटी चढवायला अ‍ॅडॉप्टर लावतात. त्यात ठोक्याचा जोर वाया जातो आणि अ‍ॅडॉप्टर साधा असला तर आधी तोच पिळतो. एक्स्टेंशनचंही तसंच. गोटी काळी घेऊन मधला दांडा चकचकीत ठेवला तर काय उपयोग?

मोठ्या गोटीला आरपार भोक असतं, त्यात पिन आणि वर रबरी रिंग. आमच्याकडं पिन हरवली की खिळा घालतात. बाहेर आलेलं टोक फिरताना बाही ओढून घेतं. पिन-रिंग किरकोळ पैशात मिळते, पण ती आणायला सांगलीला जायचा कंटाळा.

सातारा_अलॉय
माझं दुखणं वेगळंच. जाड काळी गोटी अलॉय चाकाच्या नटाभोवतीच्या खोबणीत मावत नाही. एका टायरवाल्यानं तशीच घुसवली आणि चारही चाकांच्या भोकांची कड खरवडली. 17, 19, 21 अशा तीन पातळ भिंतीच्या, वर प्लास्टिकची नळी असलेल्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात. ह्या तीन घ्यायला कुणाची हरकत नसावी.

कुपवाड_टूलरूम
हरकत नाही, पण प्लास्टिक फाटलं की बदला. आणि गोटी कितीही चांगली असली तरी गननं नट कचकचून आवळू नका. गननं टेकवा, गाडी खाली घ्या, शेवटचा ताण टॉर्क पान्यानं (मोजून आवळायच्या पान्यानं), गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच.

हायवे_पंक्चर
रांगेत ट्रक उभे असताना टॉर्क पाना? एकदा येऊन बसा दुकानात. बरं, एक इंची चौकाची 32 ची खोल गोटी पिन-रिंगसकट साताऱ्यात कुठं मिळंल तेवढं सांगा. एकच पाहिजे. सेट न्हाय.

तासगाव_ट्रॅक्टर
आधी तुमच्याकडं येणाऱ्या ट्रकचे नट मोजा. काहींना 33 लागते.