मदत हवी आहे: ओल्या रस्त्यावरचे ब्रेक आणि अचानक उघडणारी दारे

गेले सात महिने मी रोज कार्यालयात सायकलने ये-जा करतो. या काळात दोनदा पडलो.

पहिल्या वेळी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडले. तेव्हापासून मी उभ्या वाहनांपासून मीटरभर अंतर राखतो. परंतु त्यामुळे रस्त्याच्या मध्याकडे सरकावे लागते आणि मागून येणारे चालक हॉर्न वाजवत इतके खेटून जातात की हँडलची मूठ त्यांच्या आरशाला घासेल की काय, असे वाटते.

दुसऱ्यांदा, पावसात, सिग्नलजवळच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पुढचे चाक घसरले. माझ्या सायकलला रिमवर दाबणारे रबरी ब्रेक आहेत. रिम ओली असली की ते आधी नुसते पाणी पुसतात आणि मग एकदम पकडतात. नेमक्या त्याच क्षणी मी हँडलही वळवले होते, हे कबूल करायला हवे.

डिस्क ब्रेक बसवण्याची सोय माझ्या फ्रेमला नाही. अशा वेळी केवळ ब्रेकचे रबर बदलून जाणवण्याइतका फरक पडतो का? 28 मिलिमीटरच्या टायरऐवजी 32 चे टायर घालून हवा थोडी कमी ठेवल्यास ओल्या रस्त्यावर पकड सुधारते का? आणि उघडणारी दारे व मागची वाहतूक यांच्यामध्ये आपण नेमके कुठून सायकल चालवता? हेल्मेट आणि दिवे मी वापरतोच, त्यामुळे तेवढे सोडून स्वानुभवाचे सांगावे, ही विनंती.