मदत हवी आहे: चटईचे लूम परदेशी गेले, आमच्याकडून मात्र राजीनाम्यावर सही मागताहेत

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात १७ वर्षं लूमवर होतो. वय ४७. कारखान्याचं नाव लिहीत नाही, हिशोब अजून त्यांच्याच हातात आहे.

मालकांनी सगळं उत्पादन आफ्रिकेत हलवलं. गिऱ्हाईक तिकडचंच, मग चटईही तिकडेच विणायची, म्हणजे जहाजाचं भाडं वाचतं. (चटई हलकी असते, कंटेनरमध्ये जागा खाते. हे गणित आम्हालाही कळतं.) गणपती उठल्यावर लूम खोलायला घेतले. खोलले कोणी? आम्हीच. माझा ९ नंबर मीच खोलला, गंज धरू नये म्हणून ग्रीस फासलं, नट-बोल्टच्या वेगवेगळ्या पिशव्या केल्या आणि कुठला कुठे बसतो ते पिशवीवर मार्करने लिहिलं. तिकडच्या पोराला जोडताना अडायला नको. दोन दिवसांचा ओव्हरटाइमही मिळाला त्याचा.

आता आम्ही ६४ कायम कामगार उरलो. ऑफिसातून टाइप केलेला कागद आलाय: 'घरगुती कारणामुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे.' ६४ जणांना एकाच तारखेला घरगुती कारण! सही केली की सगळं धरून १ लाख १० हजार. मुदत शनिवारपर्यंत. माझा बेसिक-डीए मिळून पगार १५,६०० आहे, ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफ पहिल्यापासून कापतात. काम परदेशात गेलं म्हणून सरकारकडून कामगाराला काही मिळतं का? आणि सही करू की नको? मोठी पोरगी बारावीला आहे, घरात रोज हाच विषय.

तापीकाठ: सही करून मोकळे व्हा भो. कोर्टात गेलात तर नातवंडं तारखा करतील.

जुना टाइमकीपर: वरच्या भाऊंचं ऐकू नका. मी २२ वर्षं कारखान्यांची हजेरी-पगारपत्रकं केली आहेत. तुमचा सगळा खेळ त्या 'स्वखुशीने' शब्दावर आहे.

आधी ग्रॅच्युइटी घ्या. १५,६०० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५ (दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार), म्हणजे वर्षाचे ९,००० होतात. १७ वर्षांचे १ लाख ५३ हजार. हे राजीनामा दिला तरी द्यावेच लागतात. म्हणजे ते 'सगळं धरून' जे देताहेत, ते नुसत्या ग्रॅच्युइटीपेक्षाही ४३ हजारांनी कमी आहे. कारखाना बंद केला तर त्याशिवाय दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई वेगळी. ५० किंवा जास्त कामगार असले तर बंद करण्याच्या ६० दिवस आधी सरकारला नोटीस द्यावी लागते. ती दिली होती का, हे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. माझा अंदाज, दिलेली नसेल. म्हणून तर राजीनाम्याची घाई.

आता सरकारी मदत. ईएसआयसीची, म्हणजे ईएसआय चालवणाऱ्या सरकारी महामंडळाची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के बेरोजगार भत्ता. तुमच्या पगारावर महिन्याला साधारण ७,८०० आणि नंतर ३,९००. शिवाय तेवढा काळ घरच्यांचं औषधपाणी ईएसआयवर चालू राहतं. पण स्वतःहून नोकरी सोडली असेल तर यातला एक रुपया नाही. लूम आफ्रिकेत गेले की भंगारात, ईएसआयसी ते विचारत नाही. तुमच्या कागदावर काय लिहिलंय तेवढं बघते.

पीएफचं एक सांगतो. दहा वर्षांच्या वर सेवा झाली आहे, तेव्हा पेन्शनचं स्कीम सर्टिफिकेट मागून घ्या. पुढे दुसरीकडे लागलात तर ही १७ वर्षं त्यात धरली जातात.

चोपड्याचा ओहायोकर: विषय निघालाच म्हणून. इथे अमेरिकेत नेमकी अशीच एक योजना होती, परदेशी व्यापारामुळे ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी. १९७४ च्या कायद्यातली. तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चौकशी व्हायची. माल बाहेर बनायला लागला हे सिद्ध झालं की प्रशिक्षणाचा खर्च, शिकत असेपर्यंत भत्ता मिळायचा. पन्नाशीच्या पुढच्याला कमी पगाराची नोकरी धरावी लागली, तर फरकाची निम्मी रक्कम सरकार द्यायचं, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर. १ जुलै २०२२ ला मुदत संपली. संसदेने वाढवली नाही आणि नवे अर्ज घेणं थांबलं. तेव्हा 'परदेशात सगळं असतं' असं कोणी म्हणालं तर हेही सांगा.

जुना टाइमकीपर: आपल्याकडे १९८६ साली बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी निधी काढला होता. पहिल्या वर्षी ७५ टक्के, मग ५०, मग २५. बाकी धंद्यांना तसं काही नव्हतं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल रात्री आमच्या गल्लीतल्या १९ जणांना बसवून हे वाचून दाखवलं. चौघांनी आधीच सही केली आहे, ते गप्प बसून होते. त्यांचं काही होईल का, तेही सांगा. बाकीचे सोमवारी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाणार, लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

दुसरं, पगाराच्या चिठ्ठ्या शोधल्या तर १७ वर्षांतल्या तीनच सापडल्या. एकीच्या पाठीवर बायकोने किराण्याची यादी लिहिलेली. तेवढ्यावर चालेल का?

जुना टाइमकीपर: चालेल. पीएफचं पासबुक आणि ईएसआयचा हप्त्यांचा तपशील ऑनलाइन काढा, वर्षं त्यात दिसतात. सही केलेल्या चौघांनी दबावाखाली सही घेतली असं आजच लेखी कळवावं, रजिस्टर पोस्टाने. जेवढे दिवस जातील तेवढं अवघड. किराण्याची यादी खोडू नका, झेरॉक्स पुढच्या बाजूची काढा.